दोरखान्यात मुकं राहायचं नाही

दोरखान्यात नियम एकच होता आणि तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नव्हता: दोर वळायला घेतला की आत जो कोणी असेल त्यानं गायचं. गळा कसाही असो. विम्याचा माणूस तपासणीला आला होता, तो गायला. छपराचे पत्रे बदलणारे वर चढले होते, ते वरून गायले. इथल्याच बहिरेकाकांची बायको नवी नवरी असताना पहिल्यांदा आत आली तेव्हा तिलाही गावं लागलं. "ह्यांचा सूर त्याआधी ऐकला असता तर आल्या पावली पळाले असते," असं ती अजून सांगते.

नियमाला कारण होतं. शेड इतकी लांब की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा माणूस दिसत नसे, आणि वाखाची, दोराच्या तंतूंची, धूळ उडायला लागली की मधलाही दिसेनासा होई. कमरेच्या उंचीवर तीन पेड ताणलेले असत. एका टोकाला ते चाकाच्या हुकांवर गरगर फिरत, दुसऱ्या टोकाला एका जड गाड्याला बांधलेले असत. मधे तीन खाचांचा लाकडी भोवरा. तो हातात धरून एकानं चालायचं, आणि त्याच्यामागे तिन्ही पेड एकमेकांना मिठ्या मारत दोर होऊन बाहेर पडायचे. सुटलेला पेड चाबकासारखा बसतो. अशा ठिकाणी कोण कुठे उभं आहे हे डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळतं. एखादा आवाज थांबला की त्याला काहीतरी झालं असं धरून चाक थांबायचं.

गाणं घरच्या भाषेतलं होतं. ही भाषा दोरखान्याभोवतीच्या गल्ल्यांत आणि नदीपलीकडच्या काही वस्त्यांत बोलली जाई. उरलेल्या देशाला ती कुणाची तरी बोली वाटे, किंवा काहीच वाटत नसे. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात सगळीकडे मोठी भाषा.

भोवरा आत्याच्या हातात असायचा. वडिलांमागे दोरखाना तिनंच चालवला. तिची भाची विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लहानपणी ही मुलगी शाळेची फूटपट्टी घेऊन दिसेल ते मोजत सुटायची. मांजराचं शेपूटही तिनं सोडलं नव्हतं, आणि मांजरानंही तिला सोडलं नव्हतं. तेव्हापासून तिचं नाव फूटपट्टी पडलं ते पडलंच. आता तिचं काम असं, की वस्तू तुटेपर्यंत ताणायची आणि ती कुठे तुटली ते सांगायचं.

"हे तर मी जन्मभर तुझ्या बापाबरोबर करत आलेय," आत्या म्हणायची, "पण मला कुणी पगार दिला नाही."

वारसा खात्याचे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा फूटपट्टी सुट्टीवर घरीच होती. साहेब माणूस वाईट नव्हता. वाखाच्या धुळीनं त्यांना खोकला येत होता, तरी त्यांनी शेड या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिली, भोवरा हातात घेऊन त्याच्या खाचांवरून बोट फिरवलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं, की देश आपलं जुनं शिडाचं जहाज पुन्हा उभं करतो आहे. त्याचे सगळे दोर हातानं वळलेले हवेत, आणि असा दोरखाना देशभरात आता हा एकच राहिला आहे. जहाजाचं काम मिळेल, दारावर राष्ट्रीय वारशाची पाटी लागेल, चित्रीकरण होईल. "देशानं हात दिला नाही तर ही शेड लवकरच गोदाम होईल," ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"गाणं तेवढं राष्ट्रभाषेत हवं," त्यांनी शेवटी सांगितलं. "चाल तीच राहील. आमच्या कवींनी शब्द अगदी तालात बसवलेत."

"चाल माझी, शब्द तुमचे," आत्या म्हणाली. "म्हणजे घर माझं, फक्त राहणार तुम्ही."

"देशाचा ठेवा आहे, तर देशाला कळायला नको का?"

"मग देशाला शिकवा. मी कुठे अडवलंय?"

साहेब हसले. पण पाटीचं नाव काही त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि गाण्यावाचून पाटी नाही हे आत्याला कळलं. तिथेच ती जे बोलायचं नाही ते बोलून गेली.

"साहेब, दुसऱ्या गाण्यावर वळलेला दोर तुटतो. भर वाऱ्यात तुमचं शीड गेलं तर मला विचारायला येऊ नका."

दोरखान्यात हे सगळेच मानत होते. चाक फिरवणारा लांब्या मानत होता. गाड्यावर बसणारे बहिरेकाका मानत होते. चाकाच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच गेले होते आणि म्हणूनच ते सगळ्यांत मोठ्यानं गात. खरं तर फूटपट्टीही मानत होती. मोजलेलं नव्हतं एवढंच.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुटतो? मग मोजूनच पाहू. तुमची भाचीच हे काम करते म्हणता ना? एकाच वाखाचे दोर वळा, अर्धे तुमच्या गाण्यावर, अर्धे आमच्या. तुमचे मजबूत निघाले तर गाणं तुमचं. नाहीतर आमचं."

"ठरलं," आत्या म्हणाली.

फूटपट्टीला तेव्हाच काहीतरी खटकलं. दोघांनी दोन टोकं धरली होती. दोर सारखेच निघाले तर गाणं जाणार, या मधल्या जागेचा विचार आत्यानं केलाच नव्हता. पण आत्यानं हात पुढे केला होता, आणि साहेबांनी तो धरलाही होता.

दोर वळायला लागले. मोठ्या भाषेतलं गाणं सगळ्यांना लगेच आलं, न यायला काय झालं. शाळेत त्याच भाषेत शिकले होते. पण ते गाताना सगळे जण पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या मुलांसारखे ताठ उभे राहत. लांब्या तर एकदा गाणं संपल्यावर सवयीनं "धन्यवाद, बाई" म्हणाला.

घोटाळा केला तो बहिरेकाकांनी. गाणं बदललंय हे त्यांना ऐकूच आलं नाही. सांगितलं होतं, त्यांनी मानही हलवली होती, पण गाडा हलला की त्यांच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. सगळे मोठ्या भाषेत आणि काका एकटेच आपल्या भाषेत, तेही सगळ्यांच्या वरताण. फूटपट्टीला ते दोर बाद करावे लागले.

"काका, तुम्ही दोन दिवस बाहेर बसा," तिनं हातवारे करून सांगितलं.

"का? मी मुका होतो का?"

"नाही. आपल्या भाषेत तुम्ही एकटेच मुके नव्हतात."

काका रागावून नदीवर जाऊन बसले. बाद केलेल्या दोराचा एक तुकडा मात्र तिनं फेकला नाही. मोजण्यासारखं काही फेकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

प्रयोगशाळेत तिनं कुठला तुकडा कुठल्या गाण्याचा हे स्वतःलाही कळणार नाही अशी व्यवस्था केली. खुणा मैत्रिणीकडे ठेवल्या, आणि एकेक तुकडा यंत्राच्या जबड्यात धरून ताणला. दोर तुटण्याआधी कण्हतो. मग एक तंतू सुटतो, मग एक पेड, आणि मग बंदुकीसारखा आवाज. सगळे तुकडे तुटल्यावर मैत्रिणीनं खुणा सांगितल्या. फूटपट्टीनं आकडे मांडले, पुन्हा मांडले, दुसऱ्या वाखाचे तुकडे मागवून पुन्हा ताणले.

फरक नव्हता. काडीचाही नव्हता.

घरी आल्यावर ती आधी आत्याकडे गेली नाही, माडीवर गेली. दोरखान्याच्या माडीवर गुरुजी संध्याकाळचा वर्ग घेत. घरच्या भाषेतलं वाचणंलिहिणं शिकवायला त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. या वर्गापायी त्यांची शाळेतली नोकरी गेली होती, दोनदा पोलीस चौकीत बसवलं होतं, आणि त्यांच्या कोटावरचा भाषा मंडळाचा बिल्ला त्यांनी आंघोळीपुरताच काढला असेल. आपली भाषा उसन्या शब्दांपासून मुक्त करायचा त्यांनी विडा उचलला होता. दोरखान्याचं गाणं त्यांनी छापून घेतलं, तेव्हा त्यातला 'हुक' काढून तिथे 'वक्रधारक' घातला होता. गाताना तो शब्द कुणाच्याच तोंडात मावला नाही.

मुलं घरी गेली होती. गुरुजी फळा पुसत होते. फूटपट्टीनं आकडे सांगितले.

गुरुजींनी फडकं खाली ठेवलं. "अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस. थोडासा जास्त लिही. फार नाही, पटेल एवढाच."

"गुरुजी."

"काय गुरुजी? समान म्हणालीस की तो साहेब काय म्हणेल ठाऊक आहे? समान आहे ना, मग आमचं गा. तुझा खरा आकडा त्यांच्या हातात सुरी होईल."

"तुम्ही शिकवायचात, की आपली भाषा सगळ्या भाषांची आई आहे."

"शिकवायचो."

"ते खरं नव्हतं. कॉलेजात गेल्यावर कळलं. मला फार लाज वाटली होती."

"खरं नव्हतंच," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण सगळ्या भाषांसारखीच ही एक, असं सांगितलं असतं तर बाहेर खेळ सोडून कोण माडी चढलं असतं? तू चढली असतीस? शाळेत तुमच्या बोलण्यावर पोरं हसायची. तुम्हाला ताठ मान हवी होती, ती मी दिली. खरं काय ते मोजत बसलो असतो, तर आज आपण हे भांडण कुठल्या भाषेत केलं असतं?"

ती भांडत होती ती त्यांनी शिकवलेल्या भाषेतच, आणि चांगली भांडत होती.

"मी मोजलंय, गुरुजी," ती म्हणाली. "मोजलेलं बदललं तर पुढे आपलं कुणी काही ऐकणार नाही."

"आत्ता तरी कोण ऐकतंय?"

ती जिना उतरली. खाली आत्या भोवऱ्याला तेल चोळत होती. फूटपट्टीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"सारखेच?" आत्या म्हणाली.

"सारखेच."

"तुझं यंत्र बिघडलेलं नाही ना?"

"नाही. मी पुन्हा करून पाहिलं."

"बाबा सांगायचे दुसऱ्या गाण्यावर तुटतो म्हणून. त्यांना त्यांच्या बाबांनी सांगितलं होतं."

"पण दुसरं गाऊन कुणी पाहिलंच नव्हतं ना, आत्या. मग कळणार कसं?"

आत्या भोवरा फिरवून फिरवून पाहत राहिली, जणू दोष त्यातच कुठेतरी असेल. "म्हणजे दोराला आपल्या गाण्याची पर्वाच नाही."

"नाही."

"मेला कृतघ्न." ती पुन्हा तेल चोळू लागली. मधेच थांबून म्हणाली, "बरं झालं म्हणा. दोरासाठी गात नव्हतो, हे तरी कळलं."

"साहेबांना काय सांगायचं?"

"आहे ते सांग. बाकीचं माझं मी बघते. पैज माझी होती."

साहेब आले ते कॅमेरावाल्याला घेऊन. पाटीसुद्धा आणली होती, कागदात गुंडाळलेली. ती भिंतीला टेकवून ठेवली. गुरुजी बिल्ला लावून, छापील गाणं काखेत मारून कोपऱ्यात उभे होते. फूटपट्टीनं निकाल सांगितला. तिनं शब्द कमी वापरले, आणि आवाज मुद्दाम मोठा ठेवला.

"म्हणजे ठरल्याप्रमाणे," साहेब म्हणाले, "गाणं..."

"पैज मी हरले," आत्या म्हणाली. "दंड सांगा, भरते."

"दंड कसला? गाणं द्यायचं ठरलं होतं."

"ते मिळायचं नाही. दुसऱ्याची म्हैस मी पैजेला लावली, ही माझी चूक. चारचौघांत कबूल करते. पण म्हणून म्हैस तुमची होत नाही. गाणं माझं एकटीचं नव्हतंच."

ओठांवरून तेवढाच शब्द कळलेल्या बहिरेकाकांनी लांब्याला कोपरानं ढोसून विचारलं, "कुणाची म्हैस?" लांब्यानं त्यांना गप्प केलं.

साहेब फूटपट्टीकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या आहात. फरक नाही असं तुम्हीच म्हणता. मग आमचे शब्द गायला हरकत काय?"

कोपऱ्यातून गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. सुरी बाहेर आली होती, त्यांनी सांगितली होती तशीच. पण फूटपट्टी रात्रभर याच प्रश्नाशी झोंबली होती.

"फरक नाही, म्हणजे दोराच्या बाजूनं बदलायचं काही कारण नाही," ती म्हणाली. "आहे ते आहे. बदल तुम्हाला हवाय, तर कारण तुम्ही द्यायचं. आम्ही आमच्या भाषेत का गातो याचा पुरावा आम्ही का द्यायचा? तुमच्याकडे कुणी मागितलाय?"

"कारण एकच. देश एक आहे."

"तेच म्हणतेय मी," आत्या मधे पडली. "जहाज देशाचं. देश आमचाही, हे तुमच्याच कागदावर आहे. म्हणजे जहाज आमचंही झालं. मग आमच्या जहाजाला आमच्या गाण्याचा दोर. परक्याचं जहाज असतं, साहेब, तर परक्याचं ऐकलंही असतं."

साहेब खोकले. मग म्हणाले, "मला वर उत्तर द्यावं लागतं. या गाण्यावर मी जहाजाचं काम देऊ शकत नाही. आणि पाटीही नाही."

"नेऊन ठेवा. कागदसुद्धा फाटलेला नाही."

"शेड गोदाम होईल. तुम्हालाही माहीत आहे."

"होईल तेव्हा होईल. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही."

दोरखान्यात ही म्हण कुणी वापरत नसे. हलवायानं साखर गोड असते म्हणून सांगावं तसं वाटायचं, आणि वापरली तर बाकीचे टर उडवायचे. त्या दिवशी कुणी उडवली नाही. लांब्या चाकाकडे गेला. बहिरेकाका गाड्यावर चढले. पेड सकाळीच ताणून तयार होते. नदीपलीकडच्या नावाड्याला दोर हवा होता, आणि त्याला कुठलीही पाटी नको होती.

"नावेचा दोर वळायचाय," आत्या कॅमेरावाल्याला म्हणाली. "काढायचं तर काढा. पण आत राहिलात तर गावं लागेल."

"मला येत नाही," कॅमेरावाला म्हणाला.

लांब्यानं त्याला पहिली ओळ शिकवली. गुरुजींनी मदतीला छापील गाणं पुढे केलं. आत्यानं नुसतं "हुक म्हणा, गुरुजी, हुक," म्हटल्यावर त्यांनी ते पुन्हा काखेत घातलं, आणि काही क्षण विचार करून खाली ठेवून दिलं. मग तेही आपल्या जागेवर, तिसऱ्या खांबाशी, जाऊन उभे राहिले.

आत्यानं भोवरा उचलला. पण चाक सुरू होईना. लांब्याचा हात दांड्यावर होता आणि नजर दाराकडे. साहेब पाटी काखेत घेऊन उंबऱ्याच्या आत उभे होते, जायला निघालेले पण न गेलेले.

"साहेब, आत आहात की बाहेर?" आत्यानं विचारलं.

"मी... थोडा वेळ बघतो."

"बघा की. पण मुकं राहायचं नाही इथे."

"मला तुमचं गाणं येत नाही."

"तुमचं येतं ना? तालात बसवलेलं? तेच म्हणा."

साहेबांनी शेडभर नजर फिरवली. "तुम्ही सगळे एक गाणार आणि मी एकटा दुसरं?"

"आम्हाला विचारा," आत्या म्हणाली. "गल्लीबाहेर पाऊल टाकलं की रोज तेच करतो."

साहेब दारातून बाहेर जातील असं फूटपट्टीला वाटलं. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलंही. मग पाटी भिंतीला टेकवली, चष्मा खिशात घातला, आणि आत्याकडे बघून मान हलवली.

चाक फिरलं. आत्यानं पहिली ओळ उचलली, बाकीच्यांनी ती झेलली. बहिरेकाकांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. कॅमेरावाला एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता, पण म्हणत होता. धूळ उडायला लागली. आधी गाडा दिसेनासा झाला, मग गुरुजी, मग दार. फूटपट्टी गात गात एकेकाचा आवाज ओळखत होती. हे काका, हा लांब्या, हे गुरुजी, आणि आज त्यांनी हुकच म्हटला. दाराकडून एक बारीक आवाज येत होता, मोठ्या भाषेतला, अडखळणारा, धुळीनं मधेच खोकणारा. एवढ्या मोठ्या देशाची ती भाषा, पण इथे अगदी एकटी.

पीळ बिघडेल का, अशी शंका चेहऱ्यांवर दिसायला धूळ फार होती. फूटपट्टीला शंका नव्हती. काकांनी घोळ घातलेल्या दोराचा तो बाद तुकडाही तिनं तेव्हा यंत्रात ताणून पाहिला होता. दोन गाण्यांचा होता तो. बाकीच्यांइतकाच टिकला.

भोवरा अर्ध्या शेडपर्यंत आला आणि दाराकडचा आवाज थांबला. लांब्यानं चाक रोखलं. सगळे थांबले.

"साहेब?" धुळीतून आत्यानं हाक मारली. "बरे आहात ना?"

"आहे. दुसरं कडवं आठवत नाहीये."

"मग पहिलंच म्हणा. पण मोठ्यानं. तुम्ही कुठे आहात ते आम्हाला कळलं पाहिजे."